पंच कै. जुडा रुबेन

मुंबईहून इकडे येताना आपण पेट्यांतून तांब्या-पितळेची भांडी आणली, तसे क्रिकेटही आणले. बेरशेबा, दिमोना, अश्दोद येथे हा खेळ रुजविला तो आपल्याच लोकांनी. म्हणून वर्धापन दिनाच्या या अंकात आपल्या समाजातील एका क्रिकेट पंचाची आठवण करणे योग्य वाटते.

श्री. जुडा रुबेन यांचा जन्म १९२२ चा. ते शाळकरी वयाचे असताना मुंबईत पेंटँग्युलर सामने गाजत. हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन यांचे आपापले संघ होते. ज्यू खेळाडूंचा वेगळा संघ नव्हता. १९३७ पासून ख्रिस्ती व ज्यू यांना 'रेस्ट' या संघात जागा मिळाली. अशा मूठभर समाजातील हा माणूस पुढे देशाच्या कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला. १९६९ ते १९७७ या काळात त्यांनी १० कसोटी सामन्यांत काम केले. तेव्हा तिसरा पंच नव्हता, टीव्हीवर पुन्हा पाहून निकाल बदलण्याची सोय नव्हती, आणि दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. त्यामुळे पाहुण्यांना संशय येई आणि घरचे प्रेक्षकही रागावत.

जानेवारी १९७७ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध तिसरी कसोटी होती. पहिल्या दोन इंग्लंडने जिंकल्या होत्या. दिल्लीच्या पदार्पणातच १० बळी घेणारा जॉन लिव्हर कपाळावर व्हॅसलीन लावलेल्या गॉजची पट्टी बांधून गोलंदाजी करीत होता. ती पट्टी खाली पडलेली रुबेन यांनी पाहिली. असे गॉज आम्ही परिचारिका भाजलेल्या जखमेवर ठेवतो, म्हणजे ड्रेसिंग चिकटत नाही. भुवईवर ठेवले तर घाम डोळ्यांत उतरत नाही, हेही खरे. पण तेच व्हॅसलीन चेंडूला लागले तर त्याची चकाकी टिकते, आणि बाहेरचा पदार्थ चेंडूला लावणे नियमाबाहेर.

रुबेन यांनी पाहिले ते वर कळविले. कर्णधार बिशनसिंग बेदी यांनी उघड तक्रार केली आणि दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला. पट्टी घामासाठीच होती हा खुलासा इंग्लंडच्या मंडळाने मान्य केला. लिव्हर निर्दोष राहिला. सामना इंग्लंडने २०० धावांनी जिंकला व मालिकाही खिशात घातली.

मग रुबेन यांनी काय मिळविले, असे कोणी विचारील. पंचाचे काम कोणाला दोषी ठरविणे नव्हे; दिसले ते लपवू नये व नसलेले जोडू नये, एवढेच. घरचा पंच म्हणून बोल लागणार हे ठाऊक असूनही त्यांनी डोळेझाक केली नाही. वॉर्डातही रात्रपाळीचा रिपोर्ट असाच लिहावा लागतो.

१३ नोव्हेंबर २००६ रोजी ते निवर्तले. आपल्या नातवंडांना खेळाडूंची नावे पाठ असतात. त्यांत या पंचाचेही एक नाव जोडावे, ही विनंती. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. आमेन.