अंथरुणावरचा खेळाडू : मासाओका शिकी

हायकू म्हटले की आपल्याकडे शिरीष पै यांचे नाव ओठांवर येते, त्यामागोमाग बाशोचे. मासाओका शिकी हे नाव मात्र वाङ्मय मंडळाच्या बैठकीतही क्वचितच ऐकू येते. वास्तविक जुन्या साखळीकाव्याच्या पहिल्या कडव्याला स्वतंत्र कवितेचा मान देऊन ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते शिकीने. पण मी त्याच्याकडे वळलो तो कवितेच्या वाटेने नव्हे, मैदानाच्या वाटेने. आमच्याकडे खेळणाऱ्यांचा कट्टा वेगळा आणि नाटकवाल्यांचा वेगळा. या दोन्ही कट्ट्यांवर सारख्याच हक्काने बसू शकेल असा एखादा माणूस मी शोधत होतो. तो भेटला थेट जपानात!

शिकीचा जन्म १८६७ सालचा, शिकोकू बेटावरील मात्सुयामा या गावी, सामुराई घराण्यात. वडील लवकर वारले. आजोबा ओहारा कान्झान हे चिनी विद्येचे पंडित. त्यांच्याकडे त्याने जुने ग्रंथ पाठ केले. १८८३ मध्ये तो शिक्षणासाठी टोकिओला गेला आणि तेथे त्याला बेसबॉलचे वेड लागले.

हा खेळ जपानात आणला होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने, १८७२ साली. शिकी खेळे तो ‘कॅचर’ म्हणून, म्हणजे साधारणतः आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी. १८८९ च्या मे महिन्यात त्याच्या खोकल्यातून रक्त पडले. क्षयच तो. गाताना रक्त ओकतो अशी ज्याची ख्याती, त्या कोकिळाच्या जातीच्या पक्ष्याचे ‘शिकी’ हे नाव त्याने तेव्हा धारण केले. दुसरा कोणी असता तर बॅट टाकून देता. हा गडी मात्र १८९० मध्येही उएनोच्या बागेत खेळत होता, आणि सुटीत गावी गेला की तेथल्या पोरांना चेंडू झेलायला शिकवत होता. त्यांतलाच कावाहिगाशी हेकिगोतो पुढे नामांकित कवी झाला.

विद्यापीठाची पदवी त्याने घेतली नाही. जुन्या कवींच्या हजारो रचना विषयवार लावण्याच्या नादात परीक्षा मागे पडल्या. (आमच्या प्राध्यापकांनी हा भाग मनावर घेऊ नये.)

१८९५ मध्ये चीन-जपान युद्धाचा वार्ताहर म्हणून तो गेला, आणि परतीच्या जहाजावर पुन्हा रक्त ओकू लागला. कोबेच्या इस्पितळातून उठल्यावर तो मात्सुयामाला आला व ५२ दिवस मित्राच्या घरी राहिला. हा मित्र म्हणजे तेथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारा, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला नात्सुमे सोसेकी. दोघांची मैत्री विद्यार्थिदशेतच जमली होती, आणि कथाकथनाच्या रंगगृहांची आवड हा त्या मैत्रीतला एक समान धागा.

मला हे दिवस त्याच्या साऱ्या आयुष्यात अधिक मोलाचे वाटतात. अंगात थोडे बळ आले की तो गावाभोवती हिंडे, जुनी देवळे पाही आणि टिपून ठेवी. ६ ऑक्टोबरला तो सोसेकीबरोबर दोगोच्या गरम झऱ्यांकडे गेला. तेथे होगोन्जी हे मंदिर आहे, तेराव्या शतकातील संत इप्पेन याचे जन्मस्थान. आपल्या गावाने जन्म दिलेल्या पुरुषांत शिकीने पहिला मान दिला तो या भणंग, गावोगाव नाचत नामस्मरण करीत फिरणाऱ्या संन्याशाला. पंढरीची वारी पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हा कौल चटकन पटावा. परतताना रस्त्यात नाटकगृह लागले आणि दोघे आत शिरले. नो व क्योगेन या प्राचीन नाट्यांना लोकप्रिय संगीताची फोडणी दिलेला ‘तेरिहा क्योगेन’ तेथे चालू होता. सकाळी इतिहास, संध्याकाळी नाटक!

तो महिना संपण्याआधीच, टोकिओच्या वाटेवर, त्याची कंबर दुखू लागली. १८९६ मध्ये निदान झाले : पाठीच्या कण्याचा क्षय. नेगिशीतील लहानशा घरात तो अंथरुणाला खिळला. आई आणि बहीण रित्सू सेवेला.

आणि त्याच वर्षीच्या जुलैत ‘निप्पोन’ या वृत्तपत्रातील आपल्या सदरात त्याने काय लिहावे? बेसबॉल कसा खेळतात ते! मैदान केवढे, कोण कोठे उभा राहतो, फलंदाज केव्हा धावतो, सारे तपशीलवार. ज्याला उठून बसणे कठीण, तो धावावे कसे हे सांगत होता. जपानीत शब्द नव्हते, म्हणून त्याने ते घडवले. मारणारा, धावणारा, सरळ चेंडू, उडालेला चेंडू, चार चेंडू यांसाठी त्याने योजलेले कितीतरी शब्द आज जपानी माणूस सहज वापरतो. बाळ ज. पंडितांच्या समालोचनातून क्रिकेटची मराठी परिभाषा कानी पडलेल्यांना या कामाची किंमत कळेल. बेसबॉलचे ‘याक्यू’ हे नावही त्याच्याच खात्यावर मांडतात, ते खरे नाही. ते चूमा कानाएने १८९४ मध्ये योजले. शिकीने त्याआधी, १८९० मध्ये, ‘मैदान’ व ‘चेंडू’ ही तीच दोन चित्राक्षरे घेतली होती, पण आपल्या ‘नोबोरू’ या घरच्या नावावर कोटी करून टोपणनाव म्हणून. कोटी करायची खोड तशी जुनीच!

१८९८ मध्ये त्याने बेसबॉलवर नऊ तांका रचल्या. संघात खेळाडूही नऊच.

१९ सप्टेंबर १९०२ रोजी तो गेला. पस्तिशीही पुरी झाली नव्हती. २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल गौरवदालनात त्याचे नाव घेतले गेले, तर २००६ मध्ये उएनोच्या बागेतील मैदानाला. त्याच बागेत तो १८९० साली, रक्त पडल्यानंतरच्या वसंतात, कॅचर म्हणून उभा राहिला होता.