शाळा सोळाव्या वर्षी सुटली, नोकरी चोविसाव्या वर्षी सोडली. तरी लॅनच्या वायरमधला घोळ याच माणसाच्या गणितानं कळतो

ऑनलाइन मीटिंग चालू असते आणि मध्येच आवाज तुटायला लागतो. वायफायवर खापर फोडावं तर ते बंदच असतं, लॅपटॉपला सरळ लॅनची वायर लावलेली असते. पिंग मारलं तर उत्तर येतं. स्पीड टेस्ट एकदा झकास, एकदा बेकार. मग नेटवर्कवाला येतो, स्विचच्या पोर्टवरचे आकडे उघडतो आणि सीआरसी एरर नावाच्या रकान्यावर बोट ठेवतो. तो आकडा वाढतच असतो.

हे सीआरसी म्हणजे काय? तर इथरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांचा एक पडताळा आकडा असतो. समोरचं यंत्र आलेल्या माहितीवरून तो आकडा स्वतः पुन्हा काढतं. दोन्ही जुळले तर ठीक, नाही जुळले तर आख्खी फ्रेम कचऱ्यात. कुणाला निरोप नाही, काही नाही. वेबपेज असेल तर हरवलेला भाग पुन्हा मागवला जातो, म्हणून पान फक्त उशिरा उघडतं. कॉलवरचा आवाज मात्र थांबत नाही, म्हणून तो तुटतो.

गंमत अशी की बऱ्याचदा तार तुटलेली नसतेच. सिग्नल पोचतो, पण वाटेत त्याचा आकार बिघडतो. एक म्हणून निघालेला बिट शून्य म्हणून वाचला जातो.

तारेतून जाताना सिग्नलचा आकार का बिघडतो, हा प्रश्न कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचं सगळ्यात नेमकं उत्तर देणारा माणस कॉलेजात कधी गेला नाही, कानानं अधू होता आणि आयुष्यातली पन्नास वर्षं त्यानं नोकरीशिवाय काढली. त्याचं नाव ऑलिव्हर हेविसाइड.

गरीब घर, अधू कान आणि एक मोठे काका

हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅम्डेन टाउनमधला. वडील लाकडावर चित्रं कोरायचे. तो धंदा हळूहळू बसत चाललेला, त्यामुळे घरात ओढाताण. त्यात लहानपणी ऑलिव्हरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू येणं कमी झालं. गल्लीतली पोरं काय बोलतात ते कळेना, म्हणून तो एकटा पडत गेला. हे एकटेपण त्याला जन्मभर पुरलं.

एक गोष्ट मात्र नशिबाची होती. त्याच्या मावशीचे यजमान म्हणजे चार्ल्स व्हीटस्टन, इंग्लंडमध्ये टेलिग्राफ उभा करणाऱ्यांपैकी एक. सोळाव्या वर्षी शाळा सुटल्यावर पोरगा टेलिग्राफच्या वाटेला लागला तो या नात्यामुळे. १८६८ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला डेन्मार्कमध्ये टेलिग्राफ ऑपरेटरची नोकरी मिळाली. पुढं तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या टोकाला आला. त्या दोन देशांच्या मध्ये होता समुद्र आणि समुद्राच्या तळाशी केबल.

तो काळच केबलचा होता. १८७० मध्ये तर सुएझ, एडनमार्गे समुद्री केबल थेट मुंबईला येऊन पोचली. पण या केबलींनी लोकांना चांगलाच इंगाही दाखवला होता.

९८ शब्दांना १६ तास

१८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियानं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना संदेश पाठवला. शब्द होते ९८ आणि तो पोचायला लागले साधारण १६ तास. टोकाला येईपर्यंत मोर्सची टिंबं आणि रेघा एकमेकांत मिसळून जायच्या. केबलवरच्या इलेक्ट्रिशियननं विचार केला की जोर कमी पडतोय, म्हणून त्यानं सुमारे २,००० व्होल्टचा झटका दिला. तीनेक आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली.

म्हणजे दुखणं आकाराचं आणि उपचार ताकदीचा. नेट अडखळलं की प्लॅन वाढवून घेणारे आपण आजही साधारण तेच करतो.

न्यूकॅसलला हेविसाइडचं कामच बिघाड शोधण्याचं होतं. समुद्रात केबल कुठं दुखावली ते पाण्यात उतरून कोण बघणार? मग किनाऱ्यावर बसून तारेचा रोध मोजायचा आणि गणितानं अंतर काढायचं. आकडा चुकला तर दुरुस्तीचं जहाज समुद्रात भलत्याच जागी गळ टाकत बसणार. या कामात हेविसाइडचा हात बसला. शिवाय त्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. तीच केबल, पण एका दिशेला संदेश जास्त वेगानं जातात आणि उलट दिशेला कमी. बाकीच्यांनी हे असंच असतं म्हणून सोडून दिलं असतं. यानं गणित मांडून दाखवलं की वेग नुसत्या तारेवर ठरत नाही, तिच्या दोन टोकांना काय जोडलंय यावरही ठरतो.

नोकरीला रामराम

१८७३ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ आला. हेविसाइडनं तो चाळला आणि त्याला कळलं की आपल्याला यातलं फारसं काही समजत नाही. त्याच्याकडं गणिताचं शिक्षण शाळेपुरतंच. पठ्ठ्यानं १८७४ मध्ये नोकरी सोडली, आईवडिलांच्या घरी परतला आणि एका खोलीत बसून तो ग्रंथ पचवायला घेतला. वय होतं २४. त्यानंतर त्यानं आयुष्यात पुन्हा कधीच नोकरी केली नाही.

या बैठकीतून जे निघालं ते थक्क करणारं आहे. मॅक्सवेलचा सिद्धांत २० समीकरणांत पसरलेला होता. हेविसाइडनं १८८४-८५ च्या सुमारास तो चार समीकरणांत बसवला. आज इंजिनिअरिंगची पोरं मॅक्सवेलची चार समीकरणं म्हणून जी पाठ करतात, ती मांडणी हेविसाइडची. त्याआधी १८८० मध्ये त्यानं एक पेटंट घेतलं होतं: एका तारेभोवती नळीसारखी दुसरी तार, म्हणजे शेजारच्या तारांचा त्रास आत शिरणार नाही. ही कोअ‍ॅक्सिअल केबल. घरच्या टीव्हीला येणारी काळी जाड केबल याच जातीची. त्याला त्यातून पैसा मात्र मिळाला नाही.

कमाई म्हणाल तर द इलेक्ट्रिशियन या साप्ताहिकात तो लेख लिहायचा. त्याचे वर्षाला साधारण ४० पौंड मिळायचे.

ढोल मागे, ताशा पुढे

आता मुद्द्याचं. तारेतला सिग्नल बिघडतो कसा?

समजा गल्लीच्या एका टोकाला ढोल-ताशा पथक एका तालात वाजवत उभं आहे. प्रत्येकाचा आवाज सारख्या वेगानं पोचला तर दुसऱ्या टोकालाही ताल तोच ऐकू येईल. पण ताशाचा आवाज आधी आणि ढोलाचा उशिरा पोचला तर? आवाज सगळे पोचले, ताल मात्र मोडला. तारेत हेच होतं. प्रत्येक सिग्नल बऱ्याच लहान-मोठ्या लहरींचा मिळून बनतो. त्या वेगवेगळ्या वेगानं धावतात, वेगवेगळ्या प्रमाणात क्षीण होतात आणि टोकाला नुसता कालवा उरतो.

हेविसाइडनं सांगितलं की तारेचे गुण चार. एक रोध, जो प्रवाहाला अडवतो. दुसरी गळती, जी इन्सुलेशनमधून होते. तिसरी धारिता, म्हणजे तार हंड्यासारखी आधी वीज भरून घेते आणि मग सोडते. चौथं प्रेरकत्व, म्हणजे जड चाकासारखा स्वभाव, फिरायला लावायला कष्ट आणि थांबवायलाही कष्ट. लोक आधी मुख्यतः रोध आणि धारिता बघायचे. हेविसाइडनं १८८७ मध्ये दाखवलं की या चौघांचं प्रमाण नेमकं जमलं, तर सगळ्या लहरी सारख्या वेगानं धावतात आणि सारख्याच क्षीण होतात. सिग्नल बारीक होऊन पोचेल, पण आकार तोच राहील.

ते प्रमाण जमवायचं तर तारेत प्रेरकत्व वाढवावं लागतं. आणि तिथंच ठिणगी पडली.

साहेबांना गणित पटेना

ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या टेलिग्राफ खात्यात विल्यम प्रीस नावाचे बडे अधिकारी होते. त्यांचं ठाम मत होतं की प्रेरकत्व हाच सगळ्या त्रासाचं मूळ, ते जितकं कमी तितकं बरं. हेविसाइडचा भाऊ आर्थर त्यांच्याच हाताखाली इंजिनिअर. १८८७ मध्ये दोघा भावांनी टेलिफोनच्या तारांवर एक निबंध तयार केला, त्यात हे उलटं निष्कर्षाचं गणित होतं. प्रीस यांनी तो छापू दिला नाही. आर्थरची नोकरी होती, तो गप्प बसला. ऑलिव्हरला गमावण्यासारखं काहीच नव्हतं, तो भडकला आणि प्रीस यांच्यावर तुटून पडला.

पण त्याच वर्षी द इलेक्ट्रिशियनचे संपादक बदलले. नव्या संपादकांनी त्याची लेखमाला बंद केली. ज्या माणसाकडं बरोबर उत्तर होतं, त्याच्याकडं ते सांगायची जागाच उरली नाही.

सुदैवानं १८८८ मध्ये जर्मनीत हेन्रिक हर्ट्झनं विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगातून दाखवल्या आणि मॅक्सवेलचं म्हणणं खरं ठरलं. लोक शोधायला लागले की हे गणित नीट कुणाला येतं, तेव्हा हेविसाइडचे जुने लेख हाती लागले. जानेवारी १८८९ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी इंजिनिअरांच्या संस्थेत अध्यक्षीय भाषणात त्याच्या कामाचं कौतुक केलं. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

मान मिळाला, तारा मात्र इंग्लंडमध्ये तशाच राहिल्या. त्याची कल्पना प्रत्यक्षात आली अमेरिकेत. तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवून प्रेरकत्व वाढवायची पद्धत जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्युपिन यांनी वेगवेगळी बसवली. पेटंट प्युपिनला मिळालं आणि त्यातून त्याला एकूण ४,५५,००० डॉलर मिळाले. हेविसाइडला शून्य. असं सांगतात की टेलिफोन कंपनीनं त्यालाही पैसे देऊ केले होते, पण श्रेय पूर्ण माझं आहे हे मान्य करा, नाहीतर पैसे नकोत, असा त्याचा हट्ट होता.

ग्रॅनाइटचं फर्निचर

घरी मात्र चूल पेटायची पंचाईत. मित्रांनी मदत गोळा केली की ती भीक वाटून तो परत पाठवायचा. शेवटी १८९६ मध्ये सरकारकडून वर्षाला १२० पौंडांचं पेन्शन मिळालं, ते कामाचा सन्मान म्हणून आहे हे पटल्यावर त्यानं घेतलं. १९०२ मध्ये त्यानं सुचवलं की वातावरणात उंचावर वीजवाहक थर असावा, म्हणून रेडिओलहरी पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून जातात. पुढं तो थर खरंच सापडला.

शेवटची वर्षं त्यानं टॉर्की या समुद्रकाठच्या गावी काढली. घरात खुर्च्या-टेबलांऐवजी ग्रॅनाइटचे दगड, गॅस कंपनीशी बिलावरून भांडणं आणि सहीपुढं डब्ल्यू, ओ, आर, एम अशी चार अक्षरं. इतर विद्वान नावापुढं पदव्या लावतात, तशी यानं लावलेली ही पदवी. सलग वाचलं तर अर्थ किडा. १९२२ मध्ये पहिलं फॅरडे पदक त्यालाच मिळालं. १९२५ च्या सुरुवातीला तो शिडीवरून पडला आणि ३ फेब्रुवारीला गेला.

आता तुमच्या वायरकडं या

लॅनची वायर, तिचा बॉक्स किंवा माहितीपत्रक बघा. १०० ओहम इम्पिडन्स असा आकडा सापडेल. इम्पिडन्स हा शब्दच हेविसाइडनं १८८६ मध्ये रुळवला. वायरच्या सगळ्या लांबीभर आणि दोन्ही टोकांना हा आकडा सारखा राहिला, तर सिग्नल सरळ जातो. जिथं तो बदलतो, तिथून सिग्नलचा काही भाग भिंतीवरच्या चेंडूसारखा उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत घुसतो. टोक तारेला जुळवलं तर हा प्रतिध्वनी मरतो, हेही त्यानंच दाखवलं होतं. सुरुवातीचं इथरनेट कोअ‍ॅक्सिअल केबलवर चालायचं, तेव्हा दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी लावायचे ती याचसाठी.

म्हणून सीआरसी एरर दिसले की राउटर बदलायला पळू नका. क्रमानं जा.

आधी पोर्टवरचे आकडे शून्य करा आणि थोड्या वेळानं पुन्हा बघा. जुना साठलेला आकडा आणि आत्ता वाढणारा आकडा यात फरक असतो.

मग चांगली असल्याची खात्री असलेली छोटी वायर लावून बघा. एरर थांबले तर दोष जुन्या वायरचा. नाही थांबले तर स्विचचं पोर्ट बदला, मग लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठं होता ते कळणारच नाही.

दोन्ही टोकांची सेटिंग बघा. एकीकडं ऑटो आणि दुसरीकडं हातानं ठरवलेला फुल डुप्लेक्स असेल, तर वायर धडधाकट असूनही एरर येतात. दोन टोकांना काय जोडलंय यावर सगळं ठरतं, हा न्यूकॅसलचाच धडा.

वायरचाच दोष निघाला तर आरजे-४५ चा जोड पाहा. क्रिम्पिंग करताना जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडलेला नसावा. तो पीळ शेजारच्या जोडीचा आवाज मारण्यासाठी असतो. वायर दाराखाली चेपलेली, कोपऱ्यात करकचून वाकवलेली किंवा लाइटच्या वायरला चिकटून लांबवर नेलेली नको. स्विचपासून यंत्रापर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत हवी.

बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये केबल टेस्टची सोय असते. स्विच तारेत एक ठोका सोडतो, उलटा आलेला प्रतिध्वनी मोजतो आणि सांगतो की दोष इतक्या मीटरवर आहे. टोकाला बसून, तार न उघडता, आकड्यांवरून बिघाडाची जागा सांगायची. न्यूकॅसलच्या किनाऱ्यावर बसून एक अधू कानाचा पोरगा हेच करत होता, फक्त त्याची तार समुद्राच्या तळाशी होती.