नाव तिचे फ्लॉरेन्स

काशी, मथुरा, द्वारका ही तीर्थांची नावे आपल्या आजी-पणजीच्या पिढीत सर्रास आढळत. म्हणून एका इंग्रज मुलीला तिच्या जन्मगावाचे नाव मिळाले, याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते तिने त्या नावाचे काय केले याचे.

लॅटिन भाषेत ‘फ्लोस’ म्हणजे फूल. त्याच कुळातील, बहरणे या अर्थाच्या शब्दावरून रोमन लोकांनी आर्नो नदीकाठच्या वसाहतीला फ्लोरेन्तिया म्हटले. इंग्रजीत ते फ्लॉरेन्स झाले. इटलीत प्रवासाला गेलेल्या नाइटिंगेल दांपत्याला तेथेच १२ मे १८२० रोजी कन्या झाली. थोरली नेपल्सची, तिला त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव, पार्थेनोपी, मिळाले होते.

घरी श्रीमंती होती. रुग्णसेवा हे कुलीन मुलीचे काम नव्हे, असे तेव्हा मानीत. घरच्यांचा विरोध सोसून फ्लॉरेन्सने १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवेर्थ येथे शिक्षण घेतले. क्रिमियन युद्ध पेटले तेव्हा, १८५४ मध्ये, ती ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. तेथे सैनिक जखमांपेक्षा पटकी, हगवण आणि तापानेच अधिक मरत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. १८५५ मध्ये आरोग्य आयोगाने ती साफ करविली, आणि मृत्यू झपाट्याने घटले.

हाती दिवा घेतलेली फ्लॉरेन्स सर्वांच्या ओळखीची आहे. मला तिची आकडेमोड अधिक मोठी वाटते. मृत्यूंचे रंगीत आलेख काढून, यांतील बहुतेक माणसे वाचविता आली असती, हे तिने सरकारपुढे मांडले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरी येथील गोऱ्या फौजेत दर हजारी वर्षाला ६९ माणसे मरतात, हे १८६३ च्या अहवालातून पुढे आणण्यात तिचा मोठा वाटा होता. पुढे खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिने पत्रव्यवहार केला.

तिच्यापूर्वी हे नाव इंग्लंडात मुलींना क्वचितच ठेवीत. युद्धानंतर ते घरोघरी गेले. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती वारली. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान नातलगांनी नाकारला. ईस्ट वेलो गावी तिच्या समाधीवर तिचे नाव म्हणून केवळ दोन आद्याक्षरे आहेत. पूर्ण नाव तिने इतरांच्या लेकींना देऊन टाकले होते.