डॉक्टर व्हिक्टर व्हो

टाळू दुभंगलेलें मूल आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याला अंगावर नीट पितां येत नाहीं, दूध नाकावाटे परत येतें, आणि मोठेपणीं तें गेंगाणें बोलतें. आईनें ग्रहण पाळलें नाहीं म्हणून असें झालें, असें खेड्यांतून अजून ऐकूं येतें, व त्या बिचारीस जन्मभर दोष लागतो. खरें पाहतां गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळूच्या दोन बाजू मध्यें जुळावयाच्या असतात, त्या जुळत नाहींत, इतकेंच. अशा मुलांसाठीं ज्यांनीं फार श्रम केले त्या व्हिक्टर व्हो ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यांची हकीकत आज आम्ही देत आहों.

त्यांचा जन्म १८७१ सालीं झाला. पॅरिस शहरांत टाकून दिलेल्या मुलांना आसरा देणारें एक रुग्णालय होतें, तेथें ते शस्त्रक्रिया करीत. टाळू शिवण्याची विद्या त्यांच्यापूर्वींही होती. बर्लिन येथील लांगेनबेक ह्यांनीं टाळूचें मांस हाडापासून सोडवून मध्यें आणून शिवण्याची रीत १८६१ सालीं प्रसिद्ध केली होती. तिनें भोंक बुजे, वैद्याचें समाधान होई; पण पुष्कळ मुलें पूर्वींप्रमाणेंच गेंगाणीं बोलत. व्हो ह्यांना हें पटेना. अशा टाळूंतले स्नायू एकमेकांस मिळण्याऐवजीं हाडाच्या कडेला चिकटलेले असतात. मग टाळू वर उचलून नाकाची वाट बंद कशी करणार? म्हणून त्यांनीं नाकाकडील अस्तर निराळें शिवलें, स्नायू मध्यें आणून निराळे शिवले, व टाळू मागें सरकवून लांब केली. मूल बोलूं लागण्यापूर्वींच हें काम व्हावें असा त्यांचा आग्रह असे.

जखम भरली म्हणजे मूल बरें झालें असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं. १९२६ च्या सुमारास सुझान बोरेल-मेझोनी ह्या बाई त्यांच्याबरोबर काम करूं लागल्या. त्या मुलांचें बोलणें तपासीत व त्यांना शुद्ध उच्चार शिकवीत. प किंवा क म्हणावयास तोंडांत वारा कोंडावा लागतो. तो नाकांतून निसटला कीं शब्द गेला. ह्या दोघांनीं बोलण्यावरून शस्त्रक्रियेची परीक्षा केली, ही गोष्ट आम्हांला सर्वांत मोठी वाटते.

तरी त्यांच्या रीतींतही उणें होतें. कधीं टांके सुटून भोंक राही. मांस मागें सरकवल्यानें पुढचें हाड उघडें पडे, तेथें वण धरे, व मूल वाढतांना वरचा जबडा खुजा राही. हें पुढें ध्यानांत आलें, आणि नंतरच्या वैद्यांनीं हाड कमींत कमी उघडें ठेवण्याचे उपाय काढले. ह्या मुलांच्या कानांत पाणी सांचून त्यांना कमी ऐकूं येतें, म्हणून टाळू शिवल्यावरही आईबापांनीं कान दाखवीत राहिलें पाहिजे.

टाळूविषयींचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३१ सालीं निघाला, आणि १९३८ सालीं फाटलेल्या ओठांविषयींचा. १९४९ सालीं ते वारले. दुभंगाचे त्यांनीं पाडलेले चार प्रकार शस्त्रवैद्य अजून शिकतात.