हजरत उमर (रजि.) आणि नशिबाचा सवाल

रमजानच्या रात्री मशिदीत एका इमामामागे तरावीहची नमाज होते. ती अशी जमातीने पढण्याची पद्धत हजरत उमर (रजि.) यांनी सुरू केली. इस्लामचे हे दुसरे खलिफा. त्यांची कारकीर्द इ.स. ६३४ ते ६४४. इराणचा बराचसा भाग, शाम आणि मिसर याच दहा वर्षांत जिंकले गेले. पण इथे सांगायची आहे ती एका माघारीची गोष्ट.

६३९ च्या सुमारास ते शामच्या, म्हणजे आजच्या सीरिया-जॉर्डन-पॅलेस्टाईनच्या दौऱ्यावर निघाले. हद्दीवरच्या सर्ग या ठिकाणी सेनापती अबू उबैदा (रजि.) भेटले आणि पुढे प्लेगची साथ पसरल्याचे कळले. सोबत्यांत मतभेद झाले. कामासाठी निघालो आहोत तर मागे फिरू नये, असे काहींचे म्हणणे. माणसे मरणाच्या तोंडी देऊ नयेत, असे इतरांचे. कुरैशच्या वडीलधाऱ्यांनी एकमताने परतण्याचा सल्ला दिला आणि उमर यांनी तो मानला.

तेव्हा अबू उबैदांनी विचारले, की अल्लाहने लिहिलेल्या तकदिरीपासून तुम्ही पळता आहात काय? हा सवाल त्यांच्यासारख्या माणसाने करावा, याचे उमर यांना वाईट वाटले. त्यांनी दाखला दिला तो उंट चारणाऱ्याचा. दरीची एक बाजू हिरवी, दुसरी ओसाड. उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदिरीतच; मागे फिरणेही त्याच तकदिरीत. लहानपणी स्वतः उंट राखलेल्या माणसाचे हे उत्तर. दोन्ही बाजू समोर असताना उंट ओसाडीकडे हाकले, तर उपासमारीचा बोल नशिबाला कसा लावायचा?

इतक्यात अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. साथ असलेल्या मुलुखात जाऊ नये आणि आपण तिथे असू तर तिथून पळू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. उमर परतले. अबू उबैदा फौजेकडे गेले आणि त्याच साथीत वारले. एकाला भित्रा आणि दुसऱ्याला दैववादी ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. एकाच शिकवणीने दोघांवर दोन वेगळी कर्तव्ये टाकली होती.

माणूस आपल्या कृत्याला जबाबदार असतो, पण किती? हातिब नावाच्या मालकाच्या गुलामांनी कुणाची उंटीण चोरून कापली. उमर यांनी आधी शिक्षा फर्मावली, मग हे गुलाम उपाशी ठेवले जातात हे ओळखून ती थांबवली. दंड मालकाला झाला: ४०० दिरहमच्या उंटिणीचे ८००. चोरी गुलामांची, तरी भूक मालकाने लादलेली होती.

६४४ मध्ये पहाटेच्या नमाजेत त्यांच्यावर खंजिराचे वार झाले. मरणाच्या दारात असताना त्यांनी मुलाला, अब्दुल्लाह यांना, आपल्या कर्जाचा हिशेब करायला लावला. तो ८६ हजारांच्या आसपास निघाला. आधी घरच्या मालमत्तेतून, पुरले नाही तर आपल्या कबिल्याकडून, तरीही उरले तर कुरैशकडून घेऊन ते फेडावे, त्यापलीकडे कुणाकडे मागू नये, एवढे सांगून त्यांनी तो विषय संपवला.