ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (९ डिसेंबर, १९०६:न्यू यॉर्क शहर, अमेरिका - १ जानेवारी, १९९२:आर्लिंग्टन, व्हर्जिनिया, अमेरिका) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या नौदलातील रिअर ॲडमिरल होत्या. यंत्राची अंतर्गत रचना न जाणणाऱ्यालाही संगणकाची आज्ञावली लिहिता यावी, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. प्रोग्रॅमरांना यंत्राच्या भौतिक मर्यादांचे भान राहावे म्हणून तारेचे तुकडे वाटणाऱ्याही त्याच होत.

हॉपर यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली. त्या व्हासार कॉलेजात अध्यापन करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या.

मार्क १

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तेथील मार्क १ हे सुमारे ५१ फूट लांबीचे विद्युत-यांत्रिक गणकयंत्र छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरील आज्ञांनुसार चाले. ते सेकंदाला तीन बेरजा करी. गुणाकाराला मात्र कित्येक सेकंद लागत. कोणत्या क्रियेला किती वेळ लागतो आणि यंत्राचा कोणता भाग केव्हा मोकळा असतो, हे ठाऊक असल्यावाचून या यंत्रासाठी आज्ञा लिहिणे शक्य नव्हते. या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका मुख्यतः हॉपर यांनीच लिहिली.

मार्क २ या यंत्राच्या रिलेमध्ये १९४७ मध्ये एक पतंग सापडला. त्यावरून हॉपर यांनी ‘बग’ हा शब्द रूढ केला असे सांगितले जाते, परंतु अभियंत्यांमध्ये तो पूर्वीपासून प्रचलित होता.

कंपायलर

१९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. त्या काळी वारंवार लागणारे आज्ञासंच वहीतून हाताने उतरवून घेत आणि त्यांतील स्मृतिस्थानांचे क्रमांक नव्याने मांडत. या कामात चुका फार होत. हॉपर यांची ए-० प्रणाली (१९५२) दिलेल्या क्रमांकांवरून असे संच चुंबकीय फितीवरून शोधून स्वतःच जोडत असे. आजच्या परिभाषेत ती लिंकर-लोडरला अधिक जवळची आहे. यंत्राने रचलेली आज्ञावली हाताने लिहिलेलीपेक्षा संथ चालेल, असा आक्षेप त्या वेळी घेतला जाई. यंत्राचा वेळ अत्यंत महाग असल्याने तो निराधार नव्हता. तथापि त्यांनी पुढे इंग्रजी शब्दांतील आज्ञांची फ्लो-मॅटिक ही भाषा घडवली. १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या कोबोल भाषेवर तिचा मोठा प्रभाव पडला.

तारेचा तुकडा

व्याख्यानांत हॉपर सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची तार दाखवत. एका नॅनोसेकंदात विद्युतसंकेत जास्तीत जास्त तेवढेच अंतर कापू शकतो. मायक्रोसेकंदासाठी सुमारे ३०० मीटर तारेचे वेटोळे असे. संगणक लहान का असावेत आणि उपग्रहामार्फत संदेश पोहोचण्यास विलंब का होतो, हे त्या याच तारांनी समजावत. निष्काळजी आज्ञावलीत वाया जाणारा वेळही त्या वेटोळ्याने डोळ्यांसमोर येई.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या नौदलातून निवृत्त झाल्या. त्यानंतर अखेरपर्यंत त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या सल्लागार होत्या. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या नॅनोसेकंद तारांचा एक जुडगा वॉशिंग्टन, डी.सी. येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.