भोंग्याची वेळ आणि रावबहादूर लोखंडे

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या कायदादुरुस्तीस मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा कायम राहील, जादा कामाला जादा मोबदला मिळेल आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे त्यावेळी सांगण्यात आले. चार दिवस बारा-बारा तास राबा आणि तीन दिवस घरी बसा, कामगारालाच हे हवे आहे, असाही युक्तिवाद सुरू झाला. त्याला नाव दिले गेले लवचिक वेळेचे.

आम्ही लवचिक वेळेच्या विरोधात नाही. मुलाला शाळेत सोडून कामावर येणाऱ्या बाईला तासभर उशिरा यायची मुभा मिळाली, तर ती कोणाला नको आहे? परंतु कामगाराला काय हवे, हे कामगाराला न विचारता परस्पर सांगून टाकण्याची रीत आजची नाही. ती सव्वाशे-दीडशे वर्षांची जुनी आहे. या रीतीला मुंबईत पहिल्यांदा आडवा गेला तो जोतीराव फुल्यांचा एक अनुयायी. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. रविवारी उशिरापर्यंत झोपणाऱ्या आपल्या सुशिक्षित बांधवांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जात फुलमाळी, घरची परिस्थिती बेताची. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. त्या काळात बहुजन समाजातील पोराने तिथवर मजल मारणे ही सोपी गोष्ट नव्हती. काही काळ रेल्वेत, काही काळ पोस्टात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी येथील गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. ही नोकरी त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरली. स्टोअरकीपर साच्यावर उभा राहत नाही, पण मालकाच्या कचेरीतही बसत नाही. गिरणीत कोण केव्हा शिरतो, कोण केव्हा सुटतो, कोणाचा हात पट्ट्यात सापडला आणि कोणाचा पगार दंडात गेला, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असते. लोखंडे यांनी हे पाहिले, पुढे नोकरी सोडली आणि सत्यशोधक समाजाच्या कामाला वाहून घेतले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' हे पत्र १८८० साली मुंबईत आणून त्यांनी ते मरेपर्यंत चालविले.

त्या वेळच्या गिरणीचा दिवस कसा होता, हे आजच्या पिढीला सांगितले पाहिजे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभारण्यास घेतली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सारा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य हेच गिरणीचे घड्याळ. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून जरा उसंत, उन्हाळ्यात मात्र तेरा-चौदा तास. कामगाराच्या घरी घड्याळ नाही, भोंगा चुकला तर दंड. म्हणून मध्यरात्र उलटली की बाया उठून भाकऱ्या थापायला बसत. दुपारच्या जेवणासाठी यंत्र थांबेलच याची खात्री नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, पण त्या दिवशीही अर्धा दिवस यंत्रे पुसायला जावे लागे. पगार महिन्याचा, आणि तोही दुसरा महिना बराच सरल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी आणि पठाणाचे व्याज.

यावर मालकांचे म्हणणे मोठे मासलेवाईक होते. कामगार असा काही सतत राबत नाही. तो मधूनच बाहेर जाऊन विडी ओढतो, अंघोळ करतो, भाकरी खातो, पेरणीला गावी पळतो. त्याला वेळेची शिस्त नको आहे, सुट्टीही नको आहे, कारण सुट्टी म्हणजे पगारात खोट. तेव्हा कायदा करून त्याच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ कशाला? हा झाला एकोणिसाव्या शतकातील लवचिक वेळेचा सिद्धांत. त्यात थोडे तथ्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कामगार मधूनमधून बाहेर जात असे. पण चौदा तास उभे राहण्याची सक्ती असलेला माणूस जी दहा मिनिटे चोरून घेतो, तिला त्याची मर्जी म्हणायचे काय? आणि ती दहा मिनिटेही जॉबरच्या मेहेरबानीवर. त्याचा हात ओला केला नाही, तर दुसऱ्या दिवशी दारात उभा असलेला बदली आत जाई.

१८८१ साली हिंदुस्थान सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला होता. तो केवळ मुलांपुरता होता. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ तासांहून अधिक राबवू नये, एवढेच त्याचे सार. प्रौढ स्त्री-पुरुष मोकळेच, म्हणजे मालकाला मोकळे. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थाने या प्रश्नाचा पाठपुरावा चालविला होता. मुंबई सरकारने १८८४ साली चौकशीसाठी फॅक्टरी कमिशन नेमले, आणि लोखंडे यांनी नेमकी हीच वेळ साधली. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था त्यांनी उभी केली आणि सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. कामगारांना काय हवे, ते त्यांनी कामगारांसमोर मांडून ठरवून घेतले. ५,५०० सह्यांचे निवेदन तयार झाले.

त्या मागण्या आज वाचल्या तर डोळे उघडतात. आठवड्यात रविवारची पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो कायमचा निकामी झाला त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. पाचांपैकी तीन मागण्या वेळेच्या आहेत. चौथी पगाराची असली तरी तीही तारखेचीच. पगारवाढ त्यांत नाही! उपाशी माणसाने आधी काय मागितले, तर आपल्या दिवसावर थोडा तरी आपला हक्क. कामगाराला सुट्टी नको, या मालकांच्या दाव्याला याहून सणसणीत उत्तर कोणते?

रविवारच का, असे काही जण विचारतात. साहेबांचा तो देवळात जाण्याचा दिवस, सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद. पण तो खंडोबाचाही वार. लोखंडे यांनी या गोष्टीचा आधार घेतला, असे सांगितले जाते. सत्यशोधकाने खंडोबाचे नाव घ्यावे याचे आम्हास नवल वाटत नाही. जेजुरीच्या खंडोबाला बळीराजाच्या राज्यातील अधिकारी मानण्याची दृष्टी तात्यासाहेब फुल्यांनीच दिली होती.

त्यावेळी स्वतःला राष्ट्रवादी म्हणविणारी वृत्तपत्रे कोठे होती? त्यातील बहुतेक फॅक्टरी कायद्याच्या विरोधात होती. हा कायदा म्हणजे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे कारस्थान, देशी धंदा बुडविण्याचा डाव, असे त्यांचे मत. लँकेशायरचा स्वार्थ खोटा नव्हता. मँचेस्टरच्या मालकांना मुंबईच्या कामगाराचा पुळका अचानक आलेला नव्हता. पण देशी धंदा वाचविण्यासाठी चौदा तास कोणी उभे राहायचे? अग्रलेख लिहिणाऱ्याने की साच्यावरच्या बाईने? हा हिशेब त्या पत्रांनी मांडला नाही. 'दीनबंधू' तो मांडत राहिला.

अर्ज गेले, वर्षे गेली. १८९० साली प्रकरण तापले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जाहीर सभेत बाईने बोलणे उच्चवर्णीय घरांतही दुर्मीळ होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच साली नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या बाजूने लोखंडे यांना सामील करून घेतले गेले, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा पडली. पुरुषांसाठी मात्र काहीच नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचे बंधनही सुटले, तेव्हा काही गिरण्या पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. पुरुषांसाठी १२ तासांची पहिली मर्यादा १९११ सालची. म्हणजे ज्या बारा तासांना आज सवलत म्हणून पुढे केले जाते, ते १९११ च्या कायद्याचे बारा तास आहेत. पुढे आठवड्याचे ६०, मग ५४, आणि १९४६ साली ४८ तास झाले. ४८ तासांचे ते विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

लोखंडे यांची संस्था आजच्या अर्थाने युनियन नव्हती. सभासदांची नोंद नाही, वर्गणी नाही, लिखित घटना नाही. त्यांचा मार्ग सभांचा आणि अर्जांचा. सरकारने त्यांना रावबहादूर केले, यावरून नाके मुरडणारे विद्वान आजही आहेत. आम्हास विचाराल तर ज्याच्यामागे ना पैसा, ना जात, ना कचेरी, त्याने मालक आणि सरकार यांच्यातील फटीत पाय रोवून आठवड्याचा एक दिवस ओढून आणला, हे थोडे नाही. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. रविवार सर्वांना मिळाला, पण गिरणीच्या आतली जात तशीच राहिली. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याला विटाळ होईल म्हणून चांगल्या पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवावा लागला.

गिरणीखेरीजही लोखंडे यांनी पुष्कळ केले. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या न्हावी बांधवांकडून १८९० साली करविण्यामागे ते होते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना राणीच्या बागेत एकत्र आणण्यासाठी ते झटले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ठेकेदाराकडचा सफाई कामगार, बारा तासांच्या पाळीवरचा सुरक्षा रक्षक आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांच्यापर्यंत त्यांचा रविवार अद्याप पोहोचलेला नाही.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग शिरला. ज्याला गाव होते तो गावी पळाला, निम्मी मुंबई ओस पडली. लोखंडे राहिले. रुग्णांच्या सेवेत असताना त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय ४९ च्या आत. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाईही त्याच साथीत गेल्या.

त्याच दिवसांत गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली होती. पगार पंधरा तारखेच्या आत द्या, एवढ्यासाठी ज्यांनी तेरा वर्षांपूर्वी कामगारांची विनंती कानाआड केली, तेच मालक आता नाक्यानाक्यांवर माणसे पाठवून कामगार बोली लावून नेऊ लागले, आणि संध्याकाळी सुटताना त्याच्या हातावर रोजच्या रोज मजुरी ठेवू लागले. साथ ओसरली, माणसे परतली, आणि रोजची मजुरी बंद झाली.